अर्धा गुण

शनिवारी रात्री माझ्या टेबलावर दोन ढीग असतात:
नववी 'ब'च्या बेचाळीस उत्तरपत्रिका
आणि उद्याच्या उपदेशाचे पाच कोरे कागद.
लाल पेन एकच.
कधी कधी उपदेशावरच फुली मारते,
समासात लिहिते: पायऱ्या दाखवा.

पाळकाची दीक्षा मिळून सहा वर्षं झाली,
तरी वेंगुर्ल्याच्या बाजारात सुंगटावाली विचारते,
"पाळकीणबाई, पाळक खंय आसत?"
मी म्हणते, तुझ्यासमोर सुंगटां निवडतायत.
ती हसते, एक मूठ वर घालते.

एलियाकाका भालेराव पंचमंडळीत म्हणाले,
मंडळीला पूर्ण वेळ देणारं कुणीतरी हवं.
मुख्याध्यापक म्हणाले, बाई, सोमवारी तुम्ही
अजून रविवारातच असता.
दोघांचंही बरोबर आहे, दोघांनाही पूर्ण गुण.
परवा पाचवा तास सोडून मयतीला धावले,
पांढऱ्या झग्याच्या बाहीवर खडू,
आणि पेटी खाली सोडताना, देवा क्षमा कर,
मनात लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची.

उद्या मळ्यातल्या मजुरांचा दाखला आहे.
उजाडल्यापासून राबलेल्याला जेवढं, तेवढंच
दिवस कलताना आलेल्यालाही.
वीस वर्षं गणित शिकवते.
हे उदाहरण मी कधी मनापासून सोडवलं नाही,
फक्त मोठ्या आवाजात वाचलं.

आणि ढिगात साईल गिरपचा पेपर.
चौतीस.
शेवटच्या गणितात उत्तर बारा. बरोबर बारा.
पण बारा काय?
मीटर, लिटर, बांगडे, दिवस?
एकक नाही. अर्धा गुण कापला, तो मीच.
दिला असता तरी साडेचौतीसच झाले असते,
पास व्हायला आणखी अर्धा लागतोच,
तो कुठून आणायचा हे मला कुठल्याच पुस्तकात सापडत नाही.

आज सकाळी उभादांड्याला रापण ओढत होते.
दोन्ही दोऱ्यांवर माणसं, पाय वाळूत रुतलेले,
कोण पुढारी, कोण मागचा, सांगता येऊ नये
अशी सगळी मागे मागे सरकणारी.
जाळं गुडघाभर पाण्यात आलं तेव्हा
साईल धावत आला, हातात औषधाची पिशवी.
आईचं औषध सावंतवाडीहून आणायचं होतं.
पिशवी दातांत धरून त्यानं दोर धरला,
फार तर दहा मिनिटं.
वाटे घालताना तो मागेच उभा राहिला.
म्हातारा वर न बघता म्हणाला,
"दोरयेक हात लागलो मां? मगे वाटो तुझो."
बाकीच्यांचा तेवढाच त्याचा ढीग, तेवढेच बांगडे.
कुणी कुरकुरलं नाही.
मी तिथं चपला हातात घेऊन उभी,
दीक्षा घेतलेली, बी. एड. झालेली.

त्यानं मला पाहिलं. "बाई, पेपर तपासलात?"
नाही म्हणाले.
खोटं, आणि तेही उपदेशाच्या आदल्या दिवशी.

मग कळलं की मीसुद्धा
दर रविवारी उत्तर तेवढं सांगते.
प्रेम करा. क्षमा करा, सातदा नाही, कितीतरी वेळा.
एकक लिहीत नाही.
किती मीटर दोर, किती वाजेपर्यंत,
सावंतवाडीच्या एसटीचं भाडं कोण देणार.

रविवारी एकतीस माणसं होती.
कौलातून उन्हाचा एक कवडसा थेट दानपेटीवर,
कौलांचा खर्च अजून मंजूर नाही.
मी रापण सांगितली. मजूर सांगितले.
साईलचं नाव घेतलं नाही,
त्याचा देव त्याच्या घरात आहे, मानाचा नारळ त्याचा तिथं,
आणि तो माझ्या दाखल्यात यायला माझा कोण?

आशीर्वाद दिला, आणि सवयीनं तोंडून गेलं:
"समजलं का?"
एकतीस जण एका सुरात: "हो, बाई."
मग हसू. एलियाकाकासुद्धा.

हसू ओसरल्यावर शेवटच्या बाकावरून
हन्नाआजी, कानानं अधू, शांतपणे:
"नाय."

झगा काढून खुंटीला लावला.
तिच्याशेजारी जाऊन बसले.
स्तोत्रांच्या पुस्तकात साईलचा पेपर खुणेला घातलेला,
तो अजून तिथंच आहे.
"कुठपर्यंत कळलं, आजी?"
"पोरगो धावत इलो," ती म्हणाली, "थंयसर."