तीन फॉर्म

आमच्याकडे वंश आईचा
आणि सल्ला मामाचा.
म्हणून रिदाहुनच्या नववीचा प्रश्न
सरळ माझ्या टॅक्सीत येऊन बसला,
पुढच्या सीटवर, पट्टा न लावता.

मी लायतुमख्रा ते पोलीस बाजार,
दिवसाला चौदा फेऱ्या, चार प्रवासी, कधी पाच.
मला दहावीला गणितात एकवीस.
बहिणीला ते पाठ आहे,
तरी म्हणाली, मामा तू आहेस, बघ काय ते.

तीन शाळांची माहितीपत्रकं पुढच्या काचेखाली पसरली.
धानखेतीच्या चढावर गाड्या तुंबल्या
की आरशात बघून विचारायचो.

बँकेतल्या बाई म्हणाल्या, सीबीएसई.
बदली कोहिमाला होवो की कोट्याला,
धडा तोच, पानसुद्धा तेच.
म्हटलं, आमच्या घराची तीन पिढ्यांतली एकच बदली,
मावलाईहून इथं, दोन डोंगरांपलीकडून.

निवृत्त मास्तर, बाह स्ट्रीमली, म्हणाले आयसीएसई.
ती पोरं पानसुपारी मागतात
तीसुद्धा कर्ता-कर्म-क्रियापदासकट.
फी विचारली
तर खिडकीबाहेरचं धुकं बघत बसले.

आणि राज्याचं बोर्ड?
मागच्या सीटवरचा पोरगा हसला.
मांडीवर प्रवेशपरीक्षेचं पुस्तक, उशीएवढं.
दिल्लीचा पेपर, म्हणाला, दिल्लीच्या पुस्तकातून येतो.
खरं बोलला, म्हणून जास्त लागलं.
मी त्याच बोर्डाचा नापास.
पण तिथं खासी शिकवतात,
आणि घरात कुणीतरी हवंच ना
आपल्या भाषेतली चिठ्ठी
अडखळता वाचणारं.

तीन तिघाडा.
सिगारेटच्या पाकिटावर हिशेब मांडला:
फी, बस, गणवेश, वर शिकवणी.
पाकीट संपलं, हिशेब उरला.

शुक्रवारी रिदाहुन चढली, बुटांना चिखल.
मामा, मी तिन्हीकडे जाऊन आले.
एकटी?
एकटी.
पहिल्या शाळेत प्रयोगशाळा दाखवली, काचेतून.
दुसऱ्या शाळेत आत सोडलं.
बाटल्या ओळीनं, लेबलं कोरी करकरीत,
एकीतलंही थेंबभर कमी झालेलं नाही.
तिसरीत
टेबलभर भाजल्याचे डाग,
नळाची तोटी सुतळीनं बांधलेली,
आणि एक बाई, बाहीला भोक पडलेल्या.
त्यांनी एका डागावर बोट ठेवलं,
म्हणाल्या, सांग, इथं काय सांडलं असेल?
मी चुकले.
मग त्यांनी विचारलं, असं का वाटलं तुला?
आणि बराच वेळ ऐकत राहिल्या, मामा,
बरोबर उत्तर सांगितलंच नाही.

तिसरी शाळा राज्य बोर्डाची.
मी गिअर बदलला, गरज नसताना.
आणि दिल्लीचा पेपर?
दिल्लीचं पुस्तक दुकानात मिळतं की.
आणि त्या बाईच सोडून गेल्या तर?
याला तिच्याकडे उत्तर नव्हतं.
माझ्याकडेही नाही.
वायपर एकदा इकडे गेला, एकदा तिकडे.
मागून कुणीतरी हॉर्न दिला.

उद्या गल्लीत म्हणतील,
पोरीनं मामाला मामा बनवलं.
बनवलं असेल.
एकवीस मार्कांचा माणूस मी,
पण गेल्या अकरा वर्षांत मला कुणी विचारलं नाही
की तुला असं का वाटलं.

रात्री दुकानाच्या फळीवर फॉर्म भरला.
तिन्ही फॉर्मांत पहिला रकाना सारखाच निघाला,
वडिलांचं नाव.
ते खाणीकडे गेले ते गेलेच.
आडनाव आईचं, त्याला जागा तिसऱ्या ओळीत.
शेवटी पालकाशी नातं:
वडील, आई, इतर.
मी 'इतर'वर खूण करणार
तोच रिदाहुननं पेन ओढून घेतलं,
तो शब्द खोडला
आणि जागा नव्हती
म्हणून समासात, उभं,
खासीत लिहिलं, मामा.