पान एकच

फुलाच्या मागं लागू नका.
फूल असतं जूनच्या तोंडावर दहा-बारा दिवस,
आणि तेव्हा डास माणसाला धड बघू देत नाहीत.
सप्टेंबरात या, रबरी बूट घालून,
जुन्या स्प्रूसच्या बुंध्याशी, जिथं शेवाळात पाणी लपून बसतं
आणि पाऊल पडलं की बोलतं.
कोर्पी म्हणतो आम्ही अशा जागेला :
धड रान नाही, धड दलदल नाही.

पान एकच.
दोन बोटं रुंद, गर्द हिरवं,
लांबीत बारीक निऱ्या घातलेलं,
खालून जांभळट.
(उलटू नका. गाल शेवाळाला लावा आणि बघा.)
पायरोला वाटेल एखादे वेळी. पण पायरोलाला शिरांची जाळी असते,
शिवाय ती घोळक्यानं राहते.
याच्या शिरा एकमेकींना न विचारता टोकापर्यंत जातात.
बर्फाखाली सहा-सात महिने हे हिरवं असतं,
आणि सगळं रान पानावर आलं
की हे पिवळं पडून मरतं.
पंचांगच उलटं याचं.

एवर्ट काल्लुंकीच्या रानात मी एक्केचाळीस मोजली.
तो मागून काठी रोवत येत होता, वय एक्याऐंशी.
तेविसाव्या वर्षी खोदयंत्रावर बसून
यानंच खणले होते इथले चर :
पाणी जाईल, लाकूड वाढेल, पोरं शिकतील.
पाणी गेलं. लाकूड वाढलं, बरंचसं.
पोरं शिकून औलूला गेली.
"तेव्हा खाली कुणी बघत नव्हतं," म्हणाला,
उद्या दहिवर पडेल म्हणावं, तशा आवाजात.

खोडाखोडांना नारिंगी फिती होत्या.
जमीन गोठली की हार्वेस्टर येणार.
सौदा केलेला त्याच्या मुलानं, रेयोनं.
फोनवर मी त्याला कायद्याचं कलम वाचून दाखवलं.
"एका पानासाठी?"
"एक्केचाळीस," मी म्हणाले.
पलीकडे बराच वेळ गाडीचे वायपर ऐकू येत राहिले.

फिती सोडायला दोन दिवस लागले.
त्यांच्या जागी मी काहीच बांधलं नाही.
खूण केली की खुणेवरून माणसं येतात,
एक खुरपं, एक प्लास्टिकची पिशवी,
आणि घरच्या कुंडीत आठ दिवसांत कुजतं ते.
या मुळांना जी बुरशी लागते
ती कुंडीत यायला कबूल नसते.
अहवालातला ठिपका मी तीन किलोमीटर सरकवला.
कुठल्या गावाजवळ, हे इथंही लिहिणार नाही.

ऑक्टोबरात एवर्टनं एक चर बुजवला.
एकट्यानं, फावड्यानं. मला पुढच्या वर्षी कळलं.
सहाशे मीटरांतला चार मीटर.

पुढच्या सप्टेंबरात छत्तीस भरली.
का, ते मला माहीत नाही.
गोगलगाई असतील, कोरडा मे असेल,
किंवा मीच गेल्या वर्षी पाच ठिकाणी गुडघा टेकला असेन.

त्याआधीच्या जूनमध्ये सात फुलली होती.
एका देठावर एक, मान खाली,
पाच गुलाबी पाकळ्या वर फेकलेल्या,
खाली फिकट सपाता, तोंडाशी पिवळी लव.
आत मध नाही.
नवखी राणी भुंगीण एकदा फसते, दोनदा फसते,
मग शहाणी होते, आणि बी धरायचं राहून जातं.
मोठ्या फसवणुकीवर उभं आहे हे घराणं, जेमतेम.

एवर्टनं विचारलं, वास असतो का?
साठ वर्षं मालकी, आणि वाकला नव्हता कधी.
काठी बाजूला ठेवून तो पोटावर आडवा झाला
ओल्या शेवाळात, कोटासकट,
आणि इतका वेळ पडून राहिला
की मी त्याची पाठ हलतेय का बघू लागले.
"नाही येत," म्हणाला. "नाक गेलंय माझं. तू सांग."

व्हॅनिला म्हणतात पुस्तकांत.
मी त्याच्या शेजारी आडवी झाले.
डास कानात.
मला वाटलं पावसानंतरचं सरपण, वर थोडी साखर.
तसंच सांगितलं.
त्यानं मान हलवली, जणू पटलं,
आणि उठवायला हात पुढं केला.