मिठाच्या ढिगाशेजारी, सोमवारी

सकाळी सहा दहाला बातमी आली: ट्रॅस्कला काढलं.
उजाडलं नव्हतं. मिठाच्या ढिगावरची ताडपत्री
सरोवराच्या वाऱ्यानं फडफडत होती,
आणि बर्फ हटवायच्या ट्रकांच्या शेडमध्ये
माझी अकरा माणसं, कॉफीचं एक यंत्र
आणि कालचा पराभव, छत्तीस-नऊ.

"बरं झालं," लॉनी प्रुखनिक म्हणाला, मफलर न सोडता.
"चौथ्या डाउनला एक यार्ड हवा, आणि हा पठ्ठ्या
लाथ मारून चेंडू देऊन टाकतो!
आमची म्हातारीसुद्धा पळाली असती एक यार्ड."
हेक्टर बारेलाचं म्हणणं वेगळं:
मालकाला स्टेडियमवर काचेचं छप्पर हवंय, खेळाडू नकोत.
बळी द्यायला बोकड लागतो,
या खेपेला तो शिट्टी वाजवणारा निघाला, एवढंच.
कुणीतरी टेबलावर साखरेच्या पुड्या मांडल्या,
कालचा शेवटचा डाव पुन्हा खेळला.
पुन्हा हरलो.

मग रेन्शॉ. ते येणारच होतं.
एकोणचाळीस वर्षांचा. सतरा वर्षं याच शहरात.
उजवा खांदा दोनदा उघडून शिवलेला.
पोलादाचा कारखाना बंद झाला त्या जानेवारीत
या माणसानं हिमवादळात साठ यार्ड चेंडू फेकला होता,
आणि माझा नवरा, सहा महिने कुणाशी न बोललेला,
शेजाऱ्याच्या गळ्यात पडून रडला होता.
तो शेजारी त्याला आवडायचाही नाही.

"चेंडू आता हातातून सुटतो तेव्हाच दमलेला असतो,"
नवा पोरगा कीगन म्हणाला. त्याला काय, वय वर्षं बावीस.
"डोकं अजून शाबूत आहे त्याचं."
"डोक्यानं फेकता येतो का चेंडू?"
"हात पकडणाऱ्यांचे भोकाचे, दोष फेकणाऱ्याला!"
"बसवा त्याला," कुणीतरी म्हणालं.
मीच म्हणाले. मोठ्यानं.
"प्रेम वेगळं, फळ्यावरचं नाव वेगळं.
वेळेत सांगावं माणसाला,
त्यानं विचारायच्या आत."

कोपऱ्यात व्हर्नन टॉलिव्हर
चाकाच्या साखळ्यांना तेल देत होता.
त्यानं वर बघितलं नाही.

व्हर्नन, बासष्ट. तीस हिवाळे टेकडीचा रस्ता त्याचाच:
शाळा, डायलिसिसचं केंद्र, वळणावरची दफनभूमी.
मागच्या फेब्रुवारीत दोन टपालपेट्या.
मार्चमध्ये एक कुंपण.
डोळ्यांच्या डॉक्टरचा कागद
शुक्रवारपासून माझ्या खणात पालथा पडलाय.

"काय व्हर्नन, तू बोल ना. ठेवायचा की काढायचा?"
त्यानं फडक्याला हात पुसले, एकेक बोट.
"ट्रॅस्कला म्हणे फोनवरून सांगितलं.
पार्किंगमध्ये होता तो, इंजिन चालू ठेवून."
थोडं थांबून,
"फोनवरून नको होतं सांगायला."
रेन्शॉबद्दल एक शब्द नाही.
बाकीचे तोवर नव्या कोचवर पोचले होते,
कुणी पांढऱ्याशुभ्र दातांचा, कॉलेजातून येणारा.

सव्वासातला बर्फ आला, आडवा, सरोवराकडून.
किल्ल्या उचलल्या गेल्या. पुड्या टेबलावर तशाच.
मीठ भरायला व्हर्नन चौदा नंबर मागे घेत होता,
मी खिडकीत.
एका दमात लावायचा तो. झोपेतही लावेल, म्हणायचो आम्ही.
एक. पुन्हा पुढे.
दोन. पुन्हा पुढे.
तिसऱ्यांदा बसला.

काच खाली करून त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मी हात वर केला,
जा म्हणून की थांब म्हणून,
ते मलाही कळलं नाही.
तो गेला. मागचा पिवळा दिवा
टेकडीच्या पहिल्या वळणापर्यंत दिसला.

पाचला परत येईल.
कॉफी ताजी करून ठेवीन.
समोर बसवीन.