गेल्या चार आठवड्यांत

अर्ज कन्नडमध्ये. मागच्या बाजूला इंग्रजी.
महादेवी हिरेमठ, धारवाडची, माझ्याहून आठ वर्षांनी लहान,
प्रश्न आधी मनात वाचते
मग तिच्या मराठीत मला विचारते.
तिचा ळ माझ्यापेक्षा चांगला आहे.

गेल्या चार आठवड्यांत
जिना चढताना दम लागला?
नेहमी, कधीकधी, कधीच नाही.

आमच्यात जिना नाही, म्हटलं.
वडगावात मागच्या खोलीत दोन माग, पुढच्या खोलीत आम्ही.
'मग बसमध्ये चढताना?'
बसची पहिली पायरी उंच, मी चार फूट सात इंच.
कंडक्टर लांबून 'ए पोरी' म्हणतो,
आधार कार्डावरचं साल बघून 'अक्का'.
दम लागतो, पण तो त्याचा राग येतो म्हणून की काय, कसं सांगू?
त्या तांबड्या औषधानं हृदय थकतं म्हणे, वीस-पंचवीस वर्षांनी.
तिने 'कधीकधी'वर खूण केली.

विसरायला होतं?
होतं. सतराचा पाढा. दुधाचे किती दिले.
आठवीत तीनदा बसले. गुरुजी म्हणायचे, लक्ष नाही पोरीचं.
डोक्याला लाईट दिली होती मिरजेत,
ते त्यांना कुणी सांगितलं नाही.
आईने कुणालाच सांगितलं नाही. बघायला आलेल्यांना
'लहानपणी कावीळ झालेली' एवढंच.
तिसऱ्याला मीच सांगितलं खरं नाव.
त्याने चहा संपवला, पोहे छान झालेत म्हणाला,
आणि जाताना चपला उलट्या पायात घातल्या.

बोटांना मुंग्या?
मुंग्या नाहीत. टोकांना काही कळतच नाही.
मी साड्यांना गोंडे बांधते, रोज चार पदर,
आणि रेशीम कसं लागतं हाताला, ठाऊक नाही.
डोळ्यांनी बांधते. भावजय म्हणते,
तुझ्यासारखी गाठ कुणाची सुटत नाही ती नाही.

दुखतं तेव्हा काय करता?

इथे मी जरा थांबले.

मिरजेच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर बसू होता, गोकाकचा.
नऊ वर्षांचा. मराठी एक अक्षर नाही.
नर्स ओरडायची, तो हसायचा, त्याला वाटायचं लाड चाललेत.
पाठीत सुई घालताना
माझे गुडघे छातीशी दाबून आई रडायची
आणि पलीकडून हा मोजायचा, मोठ्यानं:
ओंदु, एरडु, मूरु.
हत्तु यायच्या आत सुई बाहेर. पैज.
एका सोमवारी त्याच्या खाटेवर नवी चादर.
त्याची आई स्टीलचा डबा विसरून गेली.
झाकणावर त्याचं नाव कोरलेलं,
मी वाचलेलं पहिलं कन्नड ते.
डबा आमच्याकडे आहे. मीठ असतं त्यात.

अजून दरवर्षी रक्त काढतात, छातीवर थंड जेल फासतात.
अजून दाढ ठणकते, पाळीत कंबर धरते.
मी मोजते. मराठीत मोजून बघितलंय एकदा,
लागू पडलं नाही.

एवढं सगळं तिला सांगितलं नाही.
'मोजते' म्हटलं.
त्याला रकाना नव्हता. तिने कडेला पेन्सिलीने लिहिलं,
काय लिहिलं ते मी वाचलं नाही, मुद्दाम.

शेवटचा प्रश्न.
एकूण आयुष्याला दहापैकी किती?

सुई बहुतेक वेळा सातला बाहेर यायची.
'एळु,' म्हटलं.
ती चमकून बघायला लागली, मग माझा ळ
हळूच, शिकवल्यासारखा, परत म्हणून दाखवला.

खाली कँटीनमध्ये चहाचे पैसे तिने दिले.
राहू दे अक्का, म्हणाली,
प्रत्येक पेशंटमागे भत्ता मिळतो मला.
मी पेशंट नाही, म्हटलं.
ती लाजली. पर्समध्ये
खोडरबर शोधायला लागली.