पोकळीचं भाडं

व्हर्ना हॉगलंडच्या स्वयंपाकघरात
मी नकाशा पसरला. तो गुंडाळला जाऊ नये म्हणून
तिनेच कोपऱ्यांवर ठेवलं
मिठाची बाटली, चष्म्याचं घर, दोन कप.

"जमीन नकोय आम्हाला. सूर्यफुलं राहतील तशीच.
हवी आहे ती सव्वा मैल खालची,
वाळूच्या दगडात कणाकणांमध्ये असते ती रिकामी जागा.
नॉर्थ डकोटाच्या कायद्याने तीही तुमचीच."

चौऱ्यांशी वर्षांची बाई हसली.
"म्हणजे नसलेल्याचंही भाडं मिळतं?"

इथेनॉलच्या कारखान्यात मका आंबतो,
त्याचा वायू पकडायचा, दाबायचा,
जवळजवळ पाण्यासारखा झाला की खाली सोडायचा,
वर शेलचं जाड झाकण आहेच,
पाठ केलेलं सगळं मी धडाधड बोललो.
कुत्रं माझे बूट हुंगत होतं.

"किती दिवस?"
"कायमचा."
"आणि लक्ष कोण ठेवणार?"
"काम संपल्यावर दहा वर्षं आम्ही. मग सरकार."

तिने रूबार्बचा केक कापला. मोठा तुकडा मला.

"डायलचे फोन येईपर्यंत
गावच्या एक्स्चेंजमध्ये मी होते. अकरा वर्षं.
कोण कुणाचं पोर, रात्री कोण कुणाला फोन लावून
न बोलता नुसतंच बसायचं,
सगळं या कानांतून गेलं, पोटात राहिलं.
पहिली दोन वर्षं फार ढवळतं.
तुझ्या त्या शेलला सांग."

मी सांगितलं, हळूहळू तो खाऱ्या पाण्यात विरघळतो,
आणि काही भागाचा, हजारो वर्षांनी, दगड होतो.

"काही भागाचा."

याचं उत्तर तेविसाव्या पानावर होतं.
मी पान काढलं, पण वाचलं नाही.

मग तिने मिठाची बाटली उचलली
आणि नकाशावर दुसरीकडे ठेवली,
पश्चिमेच्या कुंपणापासून थोडी आत.

"इथे एक बोअर आहे. चोपन्न सालचं.
तेल शोधायला आले होते. लागलं नाही.
सिमेंट वाचवलं, फांद्या आणि माती कोंबून निघून गेले.
वडलांच्या हातावर शंभर डॉलर ठेवले, गप्प राहायचे.
मी चौदा वर्षांची. दिवा मीच धरला होता."

आमच्या नकाशात तिथे काही नव्हतं.
मी पेन्सिलीने एक बारीक गोल काढला,
सहीचा कागद परत बॅगेत घातला.

येताना शेताच्या कडेने आलो होतो तेव्हा
सूर्यफुलांच्या ओळी एके ठिकाणी
किंचित वळून पुन्हा सरळ झालेल्या पाहिल्या होत्या.
मला वाटलं, पेरणाऱ्याचा हात हलला असेल.