तीन ओळींचा फळा

साखर पेठेच्या कोपऱ्यावर, सायकलच्या दुकानाला टेकून
एक काळा फळा आहे. तीन बाय दोन.
एकोणतीस वर्षं त्यावर मी माणसं लिहितो :
नाव, वय, अंत्ययात्रा किती वाजता, कुठून.
खडू देवळातून मिळतो,
अक्षर माझं.

त्या गुरुवारी दोघं गेले.

पहाटे पोशव्वा, विडीच्या सुपावर मान टाकून.
सातशे चाळीस वळून झाल्या होत्या.
सुनेनं आधी विड्या मोजल्या, मग रडली.
तिला दोष देऊ नका,
मीही आधी खडूच शोधला.

दुपारी पुण्याहून फोन : प्रल्हाद गड्डम गेले.
रेडिओवरचे. सात वाजताच्या बातम्यांचे.
अख्ख्या राज्यानं ज्यांच्या आवाजात
निवडणुका ऐकल्या, भूकंप ऐकला,
ज्यांचं "नमस्कार" आलं की माझा बाप
मागाचा खटका पाडायचा.

मी सुबक लिहिलं : प्रल्हाद नरसय्या गड्डम, वय ७८.
माणसं थांबायची, वाचायची, पुढे जायची.
कोण ओ हे? कुठल्या गल्लीतले?
शेवटी पानवाल्या सिद्रामनं खडू हिसकावला
आणि खाली खरडलं : आपला नत्त्या.
मग पेठ जमली.
नत्त्या! "प"वर अडकायचा तो,
स्वतःचं नाव सांगता सांगता ज्याची मधली सुट्टी संपायची,
मास्तर हजेरीत ज्याला गाळून पुढे जायचे.
हॉटेलात त्याचे अकरा रुपये अजून येणं आहे,
बसप्पाचा नातू म्हणाला, वही दाखवू?
रेडिओचं कुणी काढलंच नाही.

पोशव्वाचं उलट.
ओळखत सगळे होते, नावच सापडेना.
रेशन कार्डावर पोचम्मा, विडी कार्डावर पोशव्वा,
मतदार यादीत कुणा हुशार कारकुनानं पुष्पा केलेली.
वय एकात एकसष्ट, एकात चौऱ्याहत्तर.
सून म्हणाली, नीळ्ळू अव्वा लिहा ना, कळतंय की.
फळ्यावर असं कसं लिहायचं?
मी पुष्पा लिहिलं. सरकारी होतं.
तिच्या मयतीला माणसं कमी आली
ती माझ्या अक्षरामुळे.

नळ आमच्याकडे पाचव्या दिवशी येतो,
कधी रात्री एक, कधी साडेतीन.
पाण्याची मर्जी कार्पोरेशनलाही ठाऊक नसते,
तिला असायची.
तोंडातली तंबाखू थुंकून
ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहायची : नीळ्ळू!
एकदाच. दुसऱ्यांदा ओरडणं तिला कमीपणाचं वाटे.
कन्नड घरं, मराठी घरं, मागची मोमीनांची चाळ,
तेवढं तेलुगू सगळ्यांना येतं.

सोमवारी रात्री नळ आला आणि गेला.
सकाळी गल्लीभर कोरडी पिंपं.
कुणी कुणाशी भांडलं नाही.
बायका रिकाम्या घागरी मांडीत घेऊन ओट्यांवर बसल्या,
आणि तेव्हा कुठं कुणीतरी
तिच्यासाठी मोठ्यानं रडलं.

चौकाला त्याचं नाव द्यायचं ठरलंय.
नगरसेवक फूटपट्टी घेऊन येऊन गेले.
संगमरवरावर नत्त्या नको म्हणाले, शोभत नाही.
होऊ दे. काय म्हणायचं
ते रिक्षावाले ठरवतील.

शनिवारी मी झोपलो नाही.
तीनच्या सुमारास पाइपात आधी हवा आली,
म्हातारीनं खाकरावं तशी.
चप्पल न घालता गल्लीच्या तोंडाशी गेलो.
जन्मभर लिहिलेलं, ओरडायची सवय नाही,
जीभ पहिल्याच अक्षरावर बसली :
नी... नी...

समोरच्या घरात दिवा लागला.
घागर वाजली.