आठ वाजून दहा मिनिटं

श्रेणिक मगदूम मित्राच्या मोटरसायकलवर मागं बसून
कॅबिनेट मांडीवर घेऊन आला.
वर पोतं गुंडाळलेलं, पोत्यावर वखारीचा शिक्का.
"आक्का, खेळाय लागलो की काळं पडतंय.
पंखे तेवढे बोंबलत्यात."

कधी पडतं?
"पुलावर."
म्हणजे खेळातल्या पुलावर,
जिथं पाऊस, धूर आणि चाळीस माणसं एकदम येतात.
मी वहीत लिहिलं: पूल.

झाकण काढलं आणि सात शिंका दिल्या.
निपाणीत कुठलंही यंत्र उघडा,
आधी जर्दा भेटतो, मग सर्किट.
ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यात तपकिरी भुकटी
दडपून बसलेली, भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखी.
ब्रशनं झाडली. खडूसारखी सुकलेली जुनी पेस्ट खरवडली,
नवी पसरली, पुरणाइतकी नाही, तुपाइतकी.
ड्रायव्हर सेफ मोडमध्ये जाऊन मुळापासून उपटला,
मागच्या वर्षीचा जुना घातला.
एकाच केबलची दोन तोंडं कार्डाला जोडलेली होती,
दोन वेगळ्या केबली दिल्या.
कार्ड वजनानं झुकलेलं,
त्याला पेन्सिलीच्या तुकड्याचा टेकू.

चार दिवस जत्राट वेशीतल्या माझ्या दुकानात
ते यंत्र पूल ओलांडत राहिलं.
तापमान एकाहत्तरच्या वर गेलं नाही.
शाळा सुटलेली पोरं दारात थांबून बघायची.
बिल केलं. तो घेऊन गेला.
रात्री सव्वाआठला फोन:
"आक्का, काळं."

यंत्र स्वतःच्या झटक्यांची डायरी ठेवतं.
ती उघडायचं मला आधीच सुचायला हवं होतं.
डिस्प्ले ड्रायव्हरनं प्रतिसाद देणं थांबवलं होतं,
आता सावरला आहे.
असं चौदा वेळा. तारखा वेगळ्या,
वेळ तीच. आठ दहा, आठ अकरा, आठ दहा.
रविवारी एकही नाही.

मी वहीतला पूल खोडला.

दुसऱ्या दिवशी मीटर घेऊन त्यांच्या माडीवर.
खाली तंबाखूची वखार, वखारीत त्याचे वडील पायगोंडा.
बापलेकांचं बोलणं आईमार्फत चालतं.
विजेचं कन्नडमधलं बिल तेवढं
पोरगा वडलांना थेट वाचून दाखवतो.

सॉकेटात सुया घातल्या. दोनशे चोवीस.
श्रेणिक पुलाकडे निघाला.
आठ नऊ. दोनशे एकवीस.
आठ दहा, आणि खालची चाळणीची मोटर
घर्र करून उठली. माडीची फळी थरथरली,
ट्यूबलाइटनं डोळा मिचकावला,
एकशे एकोणऐंशी,
पडदा काळा.

मी जिन्यावरून ओरडले, "मोटर बंद करा!"
पायगोंडा वर आले, भुवयांवर भुकटी.
दिवाळीनंतर पहिल्यांदाच, आई हळूच म्हणाली,
ते या खोलीत आले.
"म्हंजे माझ्या मोटरीनं ह्याचं बंद पडतंय?"
"व्हय."
ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.
"महिना झाला, माझी बी तापतीया.
दोनदा पट्टा बदलला. बेरिंग बदललं.
म्हटलं मोटरच म्हातारी झाली."
श्रेणिकनं हेडफोन काढला.
"मला का न्हाई सांगितलं?"
"तू तरी कुठं सांगितलास?"

सकाळी वायरमन इराप्पा आला.
मीटरच्या पेटीत न्यूट्रलचा जोड
काळा पडून सैल झालेला,
दोघांच्या वाटेवरचा एकच.
त्यानं तो कापला, नवा आवळला,
"आयतु," म्हणाला आणि चहा न घेता गेला.

आठ दहाला मोटर उठली.
दोनशे सोळा. पडदा जागेवर.
पायगोंडा चाळणी सुरू करून वर आलेले,
चष्मा पुसून पुसून बघत होते.
"हे सगळे पळत्यात कुठं?"
"पलीकडं."
"पलीकडं काय हाय?"
श्रेणिक सांगायला लागला.

मी सहाशे घेतले. पेन्सिल परत मागितली नाही.
वेशीपर्यंत अजून दोन शिंका आल्या.